रात्रपाळी, रॅप्चरचे व्हिडिओ आणि जाऊबाई

पत्र असं आहे:

"सलाम मावशी. मी पिंपरीत राहते, माहेर श्रीरामपूरकडचं. एका हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे, महिन्यातल्या निम्म्या ड्यूट्या नाइटच्या. माझे धाकटे दीर हल्ली एका नवीन प्रार्थना ग्रुपला जातात आणि तिथले व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज टाकतात, रॅप्चर (प्रभू येऊन आपल्या लोकांना वर उचलून नेणार तो दिवस) जवळ आलंय, जे तयार नाहीत ते मागे राहणार वगैरे. सप्टेंबर २०२५ मध्ये तर २३-२४ तारीखच दिली होती, ती गेली, आता नवीन हिशोब चालू आहेत. मला डोक्याने कळतं पण पोटात गोळा येतो. घरी आले आणि कोणी दिसलं नाही तर छातीत धडधडायला लागतं. सकाळी ड्यूटीवरून येऊन प्रार्थनेला बसले की झोप लागते, मग वाटतं मी त्या मूर्ख कुमारींतलीच एक. भाऊजी म्हणतात मुलीच्या नावची आरडी मोडा आणि सेवेला द्या, शेवटच्या दिवसांत बँकेत पैसे ठेवून काय करणार. मुलगी दहावीला आहे, परवा तिने विचारलं, आई, मी मागे राहिले तर? मला काही बोलताच आलं नाही. जागृत राहा जागृत राहा सगळे म्हणतात पण रोजच्या दिवसात करायचं काय ते सांगा. (मोठ्या जाऊबाईंशी गावच्या घरावरून चार वर्षं बोलणं नाही, प्रभुभोजनाच्या वेळी तेवढं टोचतं, पण तो वेगळा विषय आहे.)"

सलाम ताई. कंसातल्या त्या शेवटच्या ओळीवर मी येणारच आहे, ती काही सुटायची नाही, पण आधी ते व्हिडिओ एकदाचे बाजूला करू कारण त्यांनी तुमची झोप पण खाल्लीय आणि प्रार्थना पण.

तारखा काढायचा हा उद्योग लई जुना आहे. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, पुढे बाप्टिस्ट प्रचारक झाला, माणूस प्रामाणिक, दानीएलाच्या पुस्तकातले दिवस मोजत बसला आणि त्याच्या चळवळीतल्या लोकांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी तर उभं पीक शेतात तसंच सोडलं, कापून ठेवायचं कोणासाठी म्हणून. २३ तारीख नेहमीसारखी उजाडली आणि त्या लोकांचं पुढे जे झालं ते वाचवत नाही, रात्रभर रडले, वर गावाची टिंगल. मग आपल्याच काळात, २०११ ला, हॅरोल्ड कॅम्पिंग हे रेडिओवर बोलणारे गृहस्थ, त्यांनी २१ मे सांगितली, रस्तोरस्ती बोर्ड लागले, लोकांनी साठवलेले पैसे त्या प्रचारात घातले, २१ मे गेली तर म्हणाले २१ ऑक्टोबर, तीही गेली. एका गोष्टीसाठी मात्र मी त्यांना मानते, पुढच्या वर्षी त्यांनी जाहीर पत्र काढून कबूल केलं की तारीख सांगणं हे पाप होतं. आता त्या सप्टेंबरच्या व्हिडिओवाल्यांपैकी असं कोणी लिहिलं का, हे भाऊजींना विचारून बघा, भांडण म्हणून नाही, चहा पिता पिता सहज.

मार्क १३:३२ तुम्हाला पाठ असेल, तो दिवस आणि ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. पुत्राला ठाऊक नव्हतं ते यूट्यूबवर कसं काय कळतं बुवा.

आणि हे फक्त आजचं आहे असं समजू नका. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, प्रेषित पौलाने इसवी सन ५० च्या आसपास पत्र लिहिलं, आणि दुसऱ्या पत्रात (२:२) तो सांगतो की प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय असं सांगणारं काही, आमच्या नावाने आलेलं पत्रसुद्धा, तुमच्यापर्यंत आलं तर लगेच गडबडून जाऊ नका, घाबरू नका. म्हणजे बघा, नकली फॉरवर्डचा त्रास मंडळीला पहिल्या शतकापासून आहे आणि त्यावरचा पहिला सल्लासुद्धा घाबरू नका हाच आहे. त्याच पत्रात पुढे तिसऱ्या अध्यायात कामधंदा सोडून बसलेले आणि दुसऱ्यांच्या कामात लुडबुड करणारे लोक आहेत, त्यांना पौल चांगलाच झापतो, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये म्हणतो, निवांतपणे आपलं काम करा आणि आपली भाकर खा. मला तर ते वाचताना आपल्याच एखाद्या फॅमिली ग्रुपचं वर्णन वाचतेय असं वाटतं.

आता तो रॅप्चरचा उतारा, पहिलं थेस्सलनीकाकरांस ४. हा तुम्ही आज शांतपणे वाचा, १३ व्या वचनापासून. तिथे झालं होतं असं की मंडळीतली काही माणसं वारली होती आणि घरच्यांना काळजी लागली होती की प्रभू येईल तेव्हा आमची ही माणसं मुकणार की काय. त्यांना धीर द्यायला पौल लिहितो की नाही, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग आपण जिवंत राहिलेले, आणि सगळे मिळून प्रभूजवळ सर्वकाळ राहू. आणि शेवटचं वाक्य काय आहे? म्हणून या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. आपल्याकडे मातीच्या वेळी हाच उतारा वाचतात, तुम्ही कितीदा ऐकला असेल. ज्या ओळी मयताच्या घरी डोळे पुसायला लिहिल्या त्या घेऊन कोणी पंधरा वर्षांच्या पोरीला घाबरवत असेल तर त्याने उतारा अर्धाच वाचलाय.

थोडे लोक गुपचूप आधी उचलले जाणार आणि बाकीचे मोठ्या संकटात मागे राहणार, ही जी दोन टप्प्यांची मांडणी आहे ती १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांच्यापासून पसरली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांमुळे घरोघर पोहोचली. ती मानणारी कितीतरी देवभीरू माणसं माझ्या जवळची आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथेरन लोक असं शिकवत नाहीत, आपल्या जुन्या मिशन मंडळ्यांमधले बरेच पाळकही शिकवत नाहीत, आणि शतकानुशतकं सगळ्यांनी मिळून जे म्हटलंय ते उपासनेत म्हणायच्या विश्वासांगीकारात आहे तेवढंच, की तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला येणार आहे. तो येणार हे मी पण मनापासून धरून आहे. तेवढ्यासाठी तुम्हाला घर रिकामं दिसल्यावर घाम फुटायची गरज नाही.

ते धडधडणं मात्र नुसतं आध्यात्मिक समजून अंगावर काढू नका. नाइट ड्यूट्या, अपुरी झोप आणि त्यात रोजचे भीतीचे व्हिडिओ, याने कोणाचंही शरीर बोंबलेल. तुम्ही हॉस्पिटलातच आहात, तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवा, नाहीतर मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानसची लाइन आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. प्रार्थना करणाऱ्या माणसाने गोळी घेतली तर प्रार्थना बाटत नाही. हे मला सारखं सारखं सांगावं लागतं.

आता झोपेचं. मत्तय २५ काढा, दहा कुमारी दिवे घेऊन वराची वाट बघतात, पाच शहाण्या आणि पाच मूर्ख, तो दाखला, आणि पाचवं वचन परत वाचा. वराला उशीर झाला आणि सगळ्यांना डुलक्या आल्या, सगळ्या झोपल्या. सगळ्या! दहाच्या दहा. शहाण्या पाच जणी डोळे ताणून बसल्या होत्या असं तिथे कुठेच नाही, हे आपण संडे स्कूलपासून ऐकतो आणि तरी नजरेतून सुटतं. फरक झोपेत नव्हताच, फरक भांड्यात जादा तेल होतं की नाही यात होता, आणि ते तेल झोपायच्या आधी भरून ठेवलेलं होतं. तुम्ही रात्रभर उभ्या राहून साडेआठला घरी येता, अंघोळ, डबा, मग चटईवर डोळे मिटून बसता आणि मान खाली जाते, यात देवाला नवीन काय आहे? एलीया संदेष्टा झाडाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, उठून खा म्हणाला, तो जेवला आणि परत झोपला, तरी देव थांबला. १२७ व्या स्तोत्रात तर पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत मरमर करण्याला व्यर्थ म्हटलंय आणि झोप ही देवाची देणगी म्हटलीय. येशूला धरलं त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्य झोपले तेव्हा येशूला वाईट वाटलं हे खरं, घटकाभर पण जागवलं नाही का म्हणून विचारलंच त्याने, पण पुढचं वाक्य त्यानेच बोललंय, आत्मा उत्सुक आहे खरा, तरी देह अशक्त आहे. आपला देह कसा आहे ते त्याला माहीत आहे.

तर मग तेल म्हणजे काय, रोज करायचं काय. हे तुम्हाला तुमच्याच कामातून सांगते, माझी भाची नर्स आहे म्हणून मला थोडंफार कळतं. शिफ्ट घेतली की तुम्ही क्रॅश कार्ट, म्हणजे ती इमर्जन्सीची ट्रॉली, चेक करता ना. अ‍ॅड्रेनॅलिनचे अँप्युल किती, एक्स्पायरी कधीची, लॅरिंगोस्कोपचा लाइट लागतोय का, अँबू बॅग, सक्शन, सिलिंडरचा काटा कुठे आहे, डिफिब्रिलेटरची टेस्ट, मग रजिस्टरला सही. कोणत्या बेडला कधी कोड ब्लू होईल, म्हणजे कोणाचं हृदय अचानक बंद पडेल, हे कोणाला माहीत नसतं, पण म्हणून तुम्ही रात्रभर मॉनिटरकडे बघत थरथरत बसत नाही, तशा बसलात तर बाकी पेशंटची औषधं कोण देणार, त्यांची कूस कोण बदलणार. ट्रॉली बघून झालीय म्हणून तर हात शांतपणे चालतात. आणि जी सिस्टर ट्रॉली न उघडता सही ठोकते ती पण दिसायला तुमच्याइतकीच जागी असते, रात्री दोनला कॉल आल्यावर फरक कळतो. भाऊजींचे व्हिडिओ माणसाला मॉनिटरसमोर बसवून ठेवतात, ट्रॉलीला कोणी हात लावत नाही.

तर तुमच्या शिफ्टप्रमाणे जमेल असं सांगते, कोणीतरी पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थना करतं म्हणून तुम्ही पण करा असलं काही सांगणार नाही. नाइटवरून आल्यावर प्रार्थनेला बसूच नका, आडवं व्हा, प्रभूची प्रार्थना म्हणा आणि झोपा, मधेच झोप लागली तर लागू दे. खरी प्रार्थना संध्याकाळी ड्यूटीला निघायच्या आधी करा, दहा मिनिटं, झोप झालेली असताना, त्यात एक स्तोत्र. १२१ वं तर रात्रपाळीवाल्यांसाठीच असावं, तुझा रक्षणकर्ता डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही, म्हणजे जागं राहायची मोठी ड्यूटी दुसऱ्याकडे आहे, तुमच्याकडे एका वॉर्डाची आहे. हँडओव्हर घेताना बेडप्रमाणे नावं ऐकता तेव्हा एकेक नाव मनात देवापुढे ठेवा, ओठ हलवायची गरज नाही. आणि शिफ्ट सुटताना, बस येईपर्यंत, दोन गोष्टी स्वतःला विचारा, आज देव कुठे दिसला आणि आज मी कोणाशी वाकडं वागले. ही दिवस तपासायची सवय इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात नीट बसवून दिली, ते कॅथलिक म्हणून आपल्याकडे काही जण नाक मुरडतात, मुरडू देत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की ते साठवून ठेवायचं नाही, त्या माणसाला दुसऱ्या दिवशी सॉरी म्हणायचं, आया असो की डॉक्टर. रविवारची उपासना नाइटमुळे चुकली तर चुकली, पण ओळीने दोन-तीन चुकायला लागल्या तर पाळकांना सांगा, घरी येतील. बस, एवढंच आहे. यात रोमांचक काही नाही हे मला माहीत आहे आणि कोणी याचा व्हिडिओ पण बनवणार नाही.

एक गोष्ट मात्र मला फार विचार करण्यासारखी वाटते आणि ती नाइट करणाऱ्या बाईला जास्त कळेल. मार्क १३ च्या शेवटी येशू घर सोडून गेलेल्या मालकाचा दाखला देतो, त्याने प्रत्येक चाकराला आपापलं काम नेमून दिलंय आणि द्वारपाळाला जागा राहा म्हणून सांगितलंय, आणि मग म्हणतो मालक कधी येईल सांगता येत नाही, संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवायच्या वेळी की सकाळी. रोमी लोक रात्रीचे असेच चार पहारे धरायचे. आता पुढचाच अध्याय वाचा, आणि त्यानंतरच्या अध्यायाचं पहिलं वचन. संध्याकाळ झाली तेव्हा तो बारा जणांबरोबर जेवायला बसला आणि एकाने धरून द्यायचं ठरवलेलं होतं. मग रात्री गेथशेमाने, हे झोपलेले. कोंबडा आरवायच्या वेळी पेत्र म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. आणि सकाळ होताच पिलाताच्या हवाली. चारही पहारे त्या एकाच रात्रीत येऊन गेले, आभाळ फाटलं नाही, कर्णा वाजला नाही, आणि शिष्य चारही वेळा चुकले. आणि यात पेत्राचं बघा, तो त्या वेळी झोपलेला नव्हता, टक्क जागा होता, अंगणात शेकत बसला होता. त्याला कोणी तलवार दाखवली नाही, एका दासीने नुसतं विचारलं, तू पण त्याच्याबरोबर होतास ना, आणि तिथे तो घसरला. परीक्षा अशी येते हो ताई, मोलकरणीच्या एका साध्या प्रश्नातून, घरातल्याच माणसाच्या तोंडून, आणि आपण वर ढगांकडे बघत असतो.

आरडी मोडायची नाही. नाही म्हणजे नाही. आणि हे तुम्ही सांगू नका, मिस्टरांना सांगू द्या, त्यांचा सख्खा भाऊ आहे, सुनेने सांगितलं की उगाच सुनेचा विश्वास कमी पडला असं होतं. दान जरूर द्या, आपल्या मंडळीला, गरजूंना, पण २ करिंथ ९:७ मध्ये स्पष्ट आहे की नाइलाजाने किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये, आणि भीती घालून काढलेला पैसा भाग पडूनच दिलेला असतो. जिथे पैसे मागतात तिथे पावती मिळते का, हिशोब वाचून दाखवतात का, एवढं भाऊजींनीच एकदा विचारून बघावं. आणि शेवटच्या दिवसांत कशाला बँक म्हणणाऱ्याला यिर्मया ३२ दाखवा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला, खुद्द यिर्मया कैदेत, शहर पडणार हे तोच ओरडून सांगत होता, आणि त्याच वेळी देव त्याला सांगतो चुलतभावाचं अनाथोथमधलं शेत विकत घे. त्याने सतरा शेकेल रुपं तोलून दिलं, खरेदीखत केलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि कागद मातीच्या मडक्यात घालून ठेवायला सांगितले, पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून. शेवट समोर दिसत असताना संदेष्टा जमिनीची रजिस्ट्री करतोय! मुलीची आरडी त्यापुढे काय आहे.

आपल्याकडचं उदाहरण पाहिजे तर पंडिता रमाबाई आहेत. केडगावच्या मुक्ती मिशनमधलं १९०५ चं संजीवन, म्हणजे ती आत्मिक जागृतीची लाट, आपण सगळे सांगतो, मुली रडत होत्या, रात्र रात्र प्रार्थना चालल्या, ते खरंच आहे. पण त्याच आवारात विहिरी खोदल्या जात होत्या, माग चालत होते, दुष्काळातून आणलेल्या मुली लिहायला वाचायला शिकत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या, आणि रमाबाई स्वतः हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत बसल्या होत्या. १९२१ ला त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली, त्या स्वतः आजारी, कानाने ऐकू येत नव्हतं, तरी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या तेव्हा ते भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. प्रभू येणार म्हणून त्यांनी कधी प्रेस बंद ठेवलं नाही.

आता मुलीचं. तिला पहिलं हे सांगा की आईला पण भीती वाटली होती, लपवू नका, मुलांना आपल्या चेहऱ्यावरून कळतं आणि मग त्यांना वाटतं काहीतरी भयंकर आहे जे आई बोलत नाही. मग तिच्याबरोबर बसून मत्तय २४ मधला तो भाग वाचा, जात्यावर दळणाऱ्या दोघी, एक घेतली जाईल आणि एक ठेवली जाईल. व्हिडिओवाले इथूनच सगळं काढतात. पण त्याच्या लगेच आधीच्या ओळी नोहाच्या आहेत, पूर आला आणि सगळ्यांना वाहून घेऊन गेला, म्हणजे तिथे गेलेले ते बुडालेले आणि मागे राहिला तो नोहा. म्हणून तर बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे की इथे मागे राहणं हीच चांगली गोष्ट आहे. हे ऐकून पोरगी हसेल बहुतेक, हसू द्या. मग योहान १०:२८ तिला स्वतःला मोठ्याने वाचायला लावा, माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही. आणि एक काळजी घ्या, नीट वागलीस तर मागे राहणार नाहीस असलं वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका, मोबाइल सोडवायला ते सोपं हत्यार वाटतं पण ते पोरीच्या मनात आयुष्यभर राहतं आणि येशूला पहारेकरी पोलीस करून ठेवतं. त्या फॅमिली ग्रुपमधून तिला काढा, दहावी आहे हे कारण पुरतं. तुम्ही स्वतः बाहेर पडू नका, दिराशी संबंध राहिला पाहिजे, फक्त म्यूट करा आणि व्हिडिओ ऑटो-डाउनलोड बंद करा. अकरावीच्या अ‍ॅडमिशनच्या फॉर्मची तारीख मात्र सरकार खरोखर जाहीर करतं, तिच्याकडे लक्ष ठेवा.

आणि आता जाऊबाई. तुम्ही तो वेगळा विषय आहे असं लिहिलंय पण ताई, मला तुमच्या अख्ख्या पत्रात तोच विषय दिसला. तुम्हाला भीती वाटते तयारी नाही म्हणून, आणि तयारीतली नेमकी कोणती गोष्ट राहिलीय हे तुम्ही स्वतःच कंसात लिहून पाठवलंय. मत्तय ५:२३ मध्ये वेदीवर दान आणलंय आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. बघा, त्याच्या मनात आपल्याविरुद्ध आहे असं आहे, आपल्या मनात त्याच्याविरुद्ध नाही. म्हणजे चूक कोणाची हा प्रश्नच येशू काढत नाही, ज्याला आठवलं त्याने उठायचं. आणि तुम्हाला तर दर प्रभुभोजनाला आठवतंय.

मला माहीत आहे घराचं प्रकरण साधं नसतं. बोलायला गेलं की त्यांना वाटणार हिस्सा मागायला आली, नाहीतर तुमच्या माहेरचे म्हणणार तू नमतं घेतलंस म्हणजे हक्क सोडलास. तर हे दोन वेगवेगळे ठेवा. माफ करणं म्हणजे हक्कसोडपत्रावर सही करणं नाही. हिस्सा, वारसनोंद, कोणी किती खर्च केला ते मिस्टर आणि मोठे दीर बघतील, वकिलाकडे बसून बघतील, वर्ष लागू दे नाहीतर पाच लागू देत. तुम्ही फक्त बोलणं सुरू करायचंय. फोन केल्यावर घराचा 'घ' पण काढू नका, चार वर्षांपूर्वी कोण काय बोललं होतं तेही नको, समजावून सांगायला गेलात की परत तिथेच याल. त्यांच्या तब्येतीचं विचारा, मुलांचं विचारा, आणि एवढंच म्हणा की मी पण त्या वेळी बोलायला नको ते बोलले, ते मला आवडलेलं नाही. तेवढं तर खरं असेलच, चार वर्षं टिकणाऱ्या भांडणात एकच बाजू बोललेली नसते. तुम्हीपण मला माफ करा, मीही तुम्हाला केलंय, असलं देणंघेणं नको, त्यांना काय वाटतं ते त्यांच्यावर सोडा.

त्यांनी फोन उचलला नाही तर मेसेज टाका, साधा, आणि महिनाभराने परत करा. उचलून तोडून बोलल्या तर ऐकून घ्या आणि बरं म्हणून ठेवा. रोमकरांस १२:१८ मध्ये पौलाने फार शहाणपणाने लिहिलंय, शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांबरोबर शांतीने राहा. त्यांच्याकडून होण्याचा भाग तुमच्या खात्यात नाही. तुमच्या बाजूने उठून झालं की प्रभुभोजन टाळू नका, १ करिंथ ११ मध्ये माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं असं आहे, परीक्षा करून घरी बसावं असं नाही. पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी हा फोन झालेला असू दे. फक्त नाइट करून आल्या आल्या करू नका, झोप झाल्यावर दुपारी चारच्या पुढे करा, तोवर जाऊबाईंचा पण चहा झालेला असतो.